मांडूळ, एक लूथरन सेमिनरी आणि आपला लिटरेचर रिव्ह्यू



मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा ते पाहिलं. आज मी लिटरेचर रिव्ह्यूबद्दल लिहिणार होते, आणि लिहिणारच आहे, पण जरा लांबच्या वाटेने. वाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून जाते आणि मधे एक लूथरन सेमिनरी लागते. आता तुम्ही म्हणाल, प्राणिशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलीचा सेमिनरीशी काय संबंध? मलाही दीड वर्षापूर्वी तसंच वाटलं असतं.

झालं असं की मी मांडुळावर काम करते. मांडूळ म्हणजे तोच साप, ज्याला काही ठिकाणी दुतोंड्या म्हणतात आणि ज्याच्या तस्करीच्या बातम्या आपण दर दोन महिन्यांनी वाचतो. त्याचं शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी. माझ्या प्री-पीएचडी सेमिनारमध्ये एका परीक्षकांनी विचारलं, “हा जॉन कोण?” मी ते नाव तोपर्यंत शेकडो वेळा टाइप केलं होतं. उत्तर येत नव्हतं. सर हसले, पुढचा प्रश्न विचारला आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

तर हा जॉन म्हणजे क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन. जन्म १७४७, मृत्यू १८१३. जर्मन लूथरन मिशनरी. १७७१ मध्ये तो तरंगंबाडीला आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. उपदेश करायचा, शाळा चालवायचा, आणि उरलेल्या वेळात मासे, शिंपले, साप गोळा करून युरोपातल्या अभ्यासकांना पाठवायचा. १८०१ मध्ये पॅट्रिक रसेलने भारतीय सापांवरच्या आपल्या ग्रंथात मांडुळाला त्याचं नाव दिलं. बर्लिनच्या ब्लॉखने त्याच्याकडून आलेल्या माशांचा अभ्यास केला आणि माशांची एक अख्खी प्रजाती त्याच्या नावावर केली, जॉनियस. आपल्याकडे बाजारात ढोमा म्हणून जे मासे मिळतात त्यांतले काही याच प्रजातीतले. आणि कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावातला ‘कोएनिगी’ म्हणजे योहान गेरहार्ड कोएनिग, लिनियसचा विद्यार्थी. तोही १७६८ मध्ये डॉक्टर म्हणून याच तरंगंबाडीला आला होता.

एका छोट्याशा डॅनिश वसाहतीतून आपल्या शेतातला साप, बाजारातला मासा आणि फोडणीतला कढीपत्ता, तिघांची नावं निघावीत हा योगायोग नव्हे. त्यामागे शिकवणं, अभ्यास करणं आणि लोकांसमोर बोलणं या तीन कामांना एकत्र बांधणारी एक पद्धत होती. ती समजून घेताना माझ्या स्वतःच्या थिसिसमधली एक चूक मला दिसली. ती शेवटी सांगते.

आधी पाया: लूथरन सेमिनरी म्हणजे काय?

मार्टिन लूथरला आपण ‘चर्चविरुद्ध बंड करणारा’ एवढंच ओळखतो. पण तो मुळात प्राध्यापक होता. १५१२ मध्ये विटेनबर्ग विद्यापीठात त्याला धर्मशास्त्राची डॉक्टरेट मिळाली, आणि १५४६ मध्ये मरेपर्यंत तो तिथे बायबल शिकवत होता. त्याच गावातल्या चर्चमध्ये तो उपदेशही करायचा. १५१७ चे ते प्रसिद्ध ९५ मुद्दे लॅटिनमध्ये होते आणि विद्यापीठातल्या वादचर्चेसाठी मांडले होते. अशा मुद्द्याला ‘थिसिस’ म्हणत. म्हणजे आपण जो थिसिस लिहितो तो शब्द याच परंपरेतला. मुद्दा मांडायचा, लोकांना बोलवायचं, आणि तो तुटतो का ते बघायचं. आपला व्हायवा म्हणजे त्याचंच उरलेलं रूप.

लूथरचं म्हणणं होतं की धर्मग्रंथ लोकांना त्यांच्या भाषेत कळला पाहिजे. म्हणून १५२२ मध्ये त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं. १५३० मध्ये भाषांतराबद्दल लिहिताना त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: घरातली आई, रस्त्यावरची पोरं आणि बाजारातला साधा माणूस कसे बोलतात ते आधी ऐका, मग भाषांतर करा.

यातून पुढे एक व्यावहारिक अडचण आली. गावोगावच्या चर्चमध्ये उपदेश करायचा तर पाळक शिकलेला हवा. त्याला मूळ हिब्रू आणि ग्रीक वाचता आलं पाहिजे आणि शेतकऱ्याला समजेल असं बोलताही आलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात तयार करायच्या, हे सेमिनरीचं काम. आजही चेन्नईच्या गुरुकुल लूथरन थिऑलॉजिकल कॉलेजसारख्या ठिकाणी हाच सांगाडा दिसतो: भाषा, ग्रंथाचा अभ्यास, इतिहास आणि उपदेशाचं शिक्षण.

एका उपदेशामागचा अभ्यास कसा असतो ते थोडक्यात सांगते, कारण तो आपल्याला ओळखीचा वाटेल. आधी मूळ भाषेतला उतारा घ्यायचा. जुन्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत का ते पाहायचं. शब्दाचा त्या काळातला अर्थ तपासायचा. लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितोय, आधी-नंतर काय येतं ते पाहायचं. आधीच्या टीकाकारांनी काय म्हटलं ते वाचायचं. आणि मग हे सगळं बाजूला ठेवून, समोर बसलेल्यांना आज याचा काय उपयोग, ते वीस मिनिटांत सांगायचं. पाठभेद, संदर्भ, आधीचं काम, आणि शेवटी ‘मग काय?’ आपल्या रिव्ह्यूचा सांगाडा याहून फारसा वेगळा नाही. फरक एवढाच की ‘मग काय?’ या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा शेवटच्या पानावर दोन वाक्यांत उरकतो.

तरंगंबाडी, १७०६: पोरांबरोबर वाळूत अक्षरं

आता तमिळ किनाऱ्यावर येऊ. तरंगंबाडी हे गाव १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिलं होतं. डेन्मार्कचा राजा लूथरन. चौथ्या फ्रेडरिकने पाठवलेले दोन तरुण जर्मन मिशनरी १७०६ मध्ये इथे पोहोचले, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाऊ. त्सीगेनबाल्ग तेव्हा चोवीस वर्षांचा. म्हणजे आपण पेट द्यायला बसतो साधारण त्या वयाचा. विद्यापीठातलं शिक्षण आजारपणामुळे अर्धवट राहिलेलं. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं.

किनाऱ्यावर व्यापारासाठी मोडकी पोर्तुगीज चालायची. ती शिकून काम भागवता आलं असतं. त्सीगेनबाल्गने ठरवलं की तमिळच शिकायची. त्याने एका म्हाताऱ्या पंतोजींना गाठलं आणि त्यांची शाळाच आपल्या घरी भरवायला सांगितलं. मग तो त्या लहान पोरांमध्ये मांडी घालून बसला आणि त्यांच्यासारखीच वाळूत बोटाने अक्षरं गिरवू लागला. शिवाय अळगप्पन नावाचे दुभाषी त्याला मिळाले. डॅनिश कंपनीत काम केलेले, चार युरोपीय भाषा जाणणारे. व्याकरणाच्या पायऱ्या चढायला त्यांची फार मदत झाली.

पुढे त्याने दिनक्रमच बांधून घेतला. सकाळी आदल्या दिवशीचे शब्द घोकायचे. मग तासन् तास फक्त तमिळ पुस्तकं वाचायची, आणि तीही एकट्याने नाही. शेजारी एक वृद्ध कवी अर्थ सांगायला, आणि एक लेखनिक टिपून घ्यायला. ताडपत्रावरचे ग्रंथ तो विकत घ्यायचा, उतरवून घ्यायचा. १७०८ मध्ये, म्हणजे येऊन दोन वर्षं झाली तेव्हा, त्याने आपल्या संग्रहाची टिपणांसह सूची तयार केली. तिचं नाव बिब्लिओथेका मालाबारिका. तिच्यात शंभराहून जास्त तमिळ ग्रंथ आहेत आणि त्यांत तिरुक्कुरळसुद्धा आहे. प्रत्येक ग्रंथाबद्दल तो लिहितो: कशाबद्दल आहे, कोण वाचतं, कितपत अवघड आहे.

ही सूची पाहिली तेव्हा मी जरा गप्प झाले. आपण ज्याला ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी म्हणतो आणि गाइडने तीनदा सांगितल्याशिवाय करत नाही, ती या माणसाने उन्हात, परक्या भाषेत, दोन वर्षांत केली. का केली? कारण त्याला दर रविवारी तमिळ लोकांसमोर उभं राहून बोलायचं होतं. चुकीचा शब्द गेला तर लोक तिथल्या तिथे हसणार. ज्याला लोकांसमोर बोलायचं असतं त्याला आधी नीट ऐकावं लागतं, आणि त्याने जे ऐकलं त्याचीच पुढे विद्वत्ता झाली.

९९ पत्रं

१७१२ ते १७१४ या काळात तरंगंबाडीच्या मिशनऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. तमिळ लोकांना त्यांनी लेखी प्रश्न पाठवले. देवाबद्दल तुम्ही काय मानता? लग्न कसं होतं? मुलांना काय शिकवता? आमच्या धर्माबद्दल तुमचं काय मत? लोकांनी तमिळमधून पत्रांनी उत्तरं दिली. त्यांतली ९९ पत्रं जर्मनमध्ये भाषांतर करून जर्मनीतल्या हाल्ले शहरात छापली गेली. ही ‘मालाबारी पत्रव्यवहार’ म्हणून ओळखली जातात.

प्रश्नावली पद्धतीवर काम करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, गुणांसाठी आणि दोषांसाठीही. गुण असा की उत्तर देणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून येतं. काही पत्रांत युरोपीय लोकांच्या वागण्यावर सरळ टीका आहे, आणि तीही छापली गेली. दोष असा की प्रश्न विचारणारा धर्मांतर करायला आला आहे हे उत्तर देणाऱ्याला माहीत होतं. भाषांतर मिशनऱ्यांचं, संपादन हाल्लेचं. आणि लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. यांतली बरीच पत्रं एकट्या अळगप्पन यांनीच लिहिली असावीत, असं अभ्यासक मानतात. तसं असेल तर मग ९९ पत्रं म्हणजे ९९ माणसं नाहीत! सॅम्पल साइज लिहिताना हे उदाहरण आठवा.

आणि मुख्य गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्सीगेनबाल्ग तटस्थ निरीक्षक नव्हता. समोरच्यांचा धर्म चूक आहे असं मानूनच तो आला होता, आणि मरेपर्यंत त्याचा धर्मप्रसाराचा हेतू बदलला नाही. त्याच्या नोंदी वाचताना हे लक्षात ठेवावंच लागतं. पण वाचत गेल्यावर त्याचा सूर बदललेला दिसतो. ज्यांना रानटी समजून आलो त्यांच्याकडे नीतिशास्त्र आहे, कायदे आहेत, उत्तम ग्रंथ आहेत, असं तो घरी लिहू लागला. हेतू तोच राहिला, तरी पुराव्याने मत थोडं हलू दिलं. आपल्यातल्या किती जणांचं हायपोथेसिस असं हलतं?

हाल्लेचं उत्तर

आता खरी दुखरी जागा. तरंगंबाडीच्या मिशनची बौद्धिक सूत्रं हाल्लेमधून हलायची. तिथे आउगुस्ट हेरमान फ्रांके या लूथरन प्राध्यापकाने अनाथालय, शाळा, छापखाना, औषधशाळा असा मोठा पसारा उभा केला होता. सेमिनरीची कल्पनाही तिथे रोजच्या व्यवहारात होती. धर्मशास्त्राचे गरीब विद्यार्थी फ्रांकेच्या शाळांमध्ये शिकवायचे आणि त्या बदल्यात त्यांना जेवण मिळायचं. आपली टीचिंग असिस्टंटशिप, पण पोटासाठी. त्सीगेनबाल्गसुद्धा काही काळ हाल्लेत शिकला होता. निधी, छपाई, नवी माणसं, सगळं तिथूनच यायचं. थोडक्यात, गाइड आणि फंडिंग एजन्सी एकाच ठिकाणी.

१७११ मध्ये त्सीगेनबाल्गने तमिळ लोकांच्या धर्मावर एक मोठा ग्रंथ लिहिला. १७१३ मध्ये दक्षिणेतल्या देवदेवतांच्या वंशावळीवर दुसरा लिहिला. त्याची सामग्री तमिळ ग्रंथ आणि लोकांची पत्रं. हस्तलिखितं हाल्लेला गेली. फ्रांकेने छापायला नकार दिला. त्याचं म्हणणं असं होतं की मिशनऱ्यांना तिथला धर्म उखडायला पाठवलं आहे, त्याच्या गोष्टी युरोपात पसरवायला नाही.

वंशावळीचा तो ग्रंथ छापला गेला १८६७ मध्ये, मद्रासला. लिहिल्यानंतर १५४ वर्षांनी. पहिला ग्रंथ तर १९२६ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापून आला. त्सीगेनबाल्ग १७१९ मध्ये गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. आपल्या दोन सर्वांत मोठ्या पुस्तकांचं छापलेलं एक पानही त्याने पाहिलं नाही.

‘रिजेक्ट’ची मेल आल्यावर दोन दिवस न जेवलेल्या मला हे वाचून बरं वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. उलट भीतीच वाटली. काम चांगलं असलं की ते कधीतरी वर येतंच, असं आपण एकमेकांना सांगतो. दीडशे वर्षांनी वर आलं तर करणाऱ्याला काय? पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. नकार आल्यावरही ती हस्तलिखितं कुणी फाडली नाहीत. ती हाल्लेच्या आणि डेन्मार्कच्या संग्रहांत पडून राहिली. संशोधक नाउमेद झाला तरी त्याने नीट लिहून, तारीख घालून, सुरक्षित ठेवलेला डेटा नाउमेद होत नाही. फील्ड नोटबुक नीट ठेवा, हा सल्ला मी याआधीच्या तीन लेखांत दिला आहे. आता कारणासकट देते.

शिकवणं: काम माणसाबरोबर संपू नये म्हणून

उपदेश आणि अभ्यास झाला. तिसरं काम शिकवण्याचं. तरंगंबाडीत मुलामुलींच्या शाळा सुरू झाल्या. लंडनच्या एका लूथरनेतर संस्थेकडून छापखाना आला, हाल्लेहून तमिळ खिळे आले. ते आकाराने फार मोठे निघाले, कागद पुरेना, म्हणून तिथेच लहान खिळे ओतले आणि कागदाचा कारखानासुद्धा काढला. १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापून झाला. १७१६ मध्ये त्सीगेनबाल्गचं तमिळ व्याकरण हाल्लेत लॅटिनमधून प्रसिद्ध झालं. आणि त्याच वर्षी तरंगंबाडीत सेमिनरी सुरू झाली, स्थानिक तरुणांना शिक्षक आणि उपदेशक म्हणून तयार करण्यासाठी.

ही सेमिनरी महत्त्वाची का? कारण तीन वर्षांत त्सीगेनबाल्ग वारला. एका माणसाच्या डोक्यात साठलेली भाषा त्याच्याबरोबर गेली असती. पण व्याकरण छापलेलं होतं, शब्दसंग्रह लिहिलेले होते, आणि शिकलेली मुलं होती. १७३३ मध्ये आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतातला हा पहिला लूथरन भारतीय पाळक. तोवर परक्यांनी तमिळ शिकून उपदेश केला होता. आता ज्याची ती भाषा होती तोच मंचावर उभा राहिला.

आपल्याकडे बघा. सीनियर पास आउट झाला की त्याच्याबरोबर प्रोटोकॉल जातो. पीसीआर का चालत होता हे कुणालाच माहीत नसतं. लॅबमध्ये ज्युनियरला शिकवणं हे ‘वेळ गेला’ या खात्यात टाकतो आपण. तरंगंबाडीत ते मुख्य खात्यात होतं.

आणि इथे मराठी येते

तरंगंबाडीच्या वेशीबाहेर कोणाचं राज्य होतं माहीत आहे का? तंजावरच्या मराठ्यांचं. १७०६ मध्ये गादीवर होते शहाजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे पुत्र. त्यामुळे या मिशनऱ्यांनी किनाऱ्याच्या आत पाऊल टाकलं की समोर मराठी दरबार.

पुढच्या पिढीत क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हा लूथरन मिशनरी १७५० मध्ये तरंगंबाडीला आला. नंतर तिरुचिरापल्ली आणि तंजावर इथे त्याचं आयुष्य गेलं. तमिळ त्याला येत होतीच. दरबारात बोलायचं म्हणून तो मराठीही शिकला. तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. सरफोजीराजांचं शिक्षण श्वार्ट्झ आणि त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली झालं.

श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. उपदेशाच्या हिशेबाने पाहिलं तर श्वार्ट्झचं काम इथे ‘फसलं’. पण शिकवणं फसलं नाही. सरस्वती महाल ग्रंथालय आज जे आहे ते मोठ्या प्रमाणात सरफोजींमुळे. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना चालवला, वैद्यक आणि निसर्गशास्त्राची पुस्तकं मागवली. आणि आपल्या गुरूच्या स्मरणार्थ लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

त्याहून मजेची गोष्ट ऐका. श्वार्ट्झचाच एक विद्यार्थी, वेदनायकम शास्त्री, तमिळ कवी झाला. त्याने बेथलेहेम कुरवंजी लिहिलं. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी बाईचं गाणं-नाटक. त्यात त्याने मिशनच्या शाळेत शिकलेला भूगोल ओवला. आणि सरफोजीराजांच्या नावावर मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे, ज्यात कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. या दोन रचनांचं नातं अभ्यासकांनी दाखवलं आहे. हाल्लेच्या पद्धतीचा वर्गातला धडा, तिथून तमिळ गीत, तिथून मराठी नाटक. सायन्स कम्युनिकेशनवर थिसिस करायचा असेल तर विषय तयार आहे, घ्या.

माझी चूक

आता मांडुळाकडे परत. माझं फील्डवर्क माणदेशात आहे. गेल्या वर्षी एका गावच्या शाळेत मी जनजागृतीचं भाषण दिलं. पस्तीस स्लाइड्स. ‘मांडुळाला दोन तोंडं नसतात’ ही माझी सगळ्यात आवडती स्लाइड. ती आल्यावर मागे बसलेले एक मेंढपाळ काका म्हणाले, “ते आमाला ठावं हाय की, ताई. शेपूट हाय ती. तुमी हे सांगा, ते बांधाला राहिलं तर उंदरं कमी हुत्यात का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोकांचा एक गैरसमज मी मुंबई-पुण्यात बसून ठरवला होता आणि तो खोडायला इतक्या लांब गेले होते. त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता. त्या प्रश्नातून माझ्या थिसिसमध्ये मांडुळाच्या आहारावरचं प्रकरण आलं. पुढे याच काकांनी मला बिळं दाखवली, कोणत्या महिन्यात कुठे बघायचं ते सांगितलं. माझ्या पहिल्या पेपरमधल्या निम्म्याहून जास्त नोंदी त्यांनी दाखवलेल्या जागांवरच्या आहेत.

त्या पेपरमध्ये त्यांचं नाव नाही. आभारात ‘स्थानिक ग्रामस्थ’ एवढंच आहे. ते लिहिताना मला काहीही वावगं वाटलं नव्हतं. सगळे तसंच लिहितात. ९९ पत्रांखाली नावं नाहीत हे वाचून मला राग आला, आणि मग आपण काय केलं ते आठवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर पोझिशनॅलिटीची टीका करायला मला अर्धा तास लागला होता. स्वतःवर करायला वर्ष लागलं.

मी काकांना विचारलं. ते आधी म्हणाले, “नाव घालून काय हुतंय?” मग दोन दिवसांनी फोन आला, “घाला. पण पुरं घाला, बापाच्या नावासकट.” दुसऱ्या पेपरच्या लेखकांत ते आहेत. यावर आमच्या कमिटीत चर्चा झाली, सगळ्यांना पटलं असं नाही. लोकांनी सांगितलेल्या नोंदींचं प्रकरण तर एका सदस्यांना थिसिसमध्येच नको आहे. ते राहील की परिशिष्टात जाईल ते अजून ठरायचं आहे. मी ते लिहून, तारखा घालून ठेवलं आहे.

तुम्ही काय करायचं

रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा एवढं करून बघा.

एक, तुमच्या विषयातलं रोजच्या वापरातलं एक नाव घ्या. प्रजातीचं, पद्धतीचं, उपकरणाचं, सूत्राचं. त्यामागचं माणूस शोधा. त्याला ती माहिती कोणी दिली तेही शोधा.

दोन, प्रत्येक जुन्या स्रोताला तीन प्रश्न विचारा: हे कोणासाठी लिहिलं, पैसे कोणाचे, आणि काय छापलं गेलं नाही?

तीन, प्रपोजल सबमिट करण्याआधी ते एकदा विषयाबाहेरच्या माणसांसमोर मायबोलीत बोला. स्लाइडशिवाय. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न लिहून ठेवा. त्याचं उत्तर येत नसेल तर खूश व्हा, प्रकरण सापडलं.

चार, तुम्हाला जे येतं ते एका ज्युनियरला या महिन्यात शिकवा, आणि लिहून द्या.

आणि पाच, आभारातलं ‘स्थानिक ग्रामस्थ’ पुन्हा एकदा वाचा.

मांडूळ सध्या बिळात आहे, मी लायब्ररीत. पुढच्या लेखात रिव्ह्यूचे तक्ते कसे बनवायचे ते पाहू, या वेळी खरंच. तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा.